खांदा दिसला का?

मायाग्वेझच्या छोट्या विमानतळावर नेनेकाका मला घ्यायला आले, तेव्हा 'प्रवास कसा झाला' असं त्यांनी विचारलं नाही. माझी बॅग उचलून गाडीच्या डिकीत टाकली आणि कुंपणाच्या तारेवर बसलेल्या एका काळ्या पक्ष्याकडे हनुवटीने खूण करून म्हणाले, "हा कोण?"

मी तेव्हा नॉर्थ कॅरोलायनामध्ये एम.एस. करत होते. पोर्तो रिकोला, म्हणजे अमेरिकेच्याच ताब्यातल्या पण स्पॅनिश बोलणाऱ्या त्या बेटावर, उन्हाळ्याचे चार महिने काम करायला आले होते. जगात फक्त तिथेच आढळणारा एक काळा पक्षी आहे. अंगाने साळुंकीएवढा, सगळा काळा, फक्त खांद्यावर पिवळ्या पिसांचा एक ठिपका. तो भराभर कमी होत चालला होता आणि नेनेकाका एका सरकारी खात्यासाठी त्याची मोजदाद करत होते. त्याचा फोटो तीन महिने माझ्या टेबलासमोर चिकटवलेला होता. मी लगेच त्याचं इंग्रजी नाव सांगितलं.

"खांदा दिसला का?"

"नाही, पण..."

"दिसला नाही ना? मग तो कोण?"

शाळेपासून मला प्रश्न विचारला की उत्तर येत असे. उत्तर आलं नाही की कानाच्या पाळ्या गरम होत. त्या झाल्या.

"ठाऊक नाही, असं म्हणायचं," ते म्हणाले. "लाजायचं काही नाही त्यात. चल, भूक लागली असेल."

तो पक्षी चांगो होता. तिथले लोक त्याला चांगो म्हणतात. लांब, मधून दुमडल्यासारखी शेपटी, पिवळे डोळे आणि कावळ्याचा आगाऊपणा. शेपटी तारेच्या पलीकडे होती म्हणून मला दिसली नव्हती. नेनेकाकांना ते माहीत होतं. गाडीत बसल्यावर त्यांनी सांगितलं.

त्या वेळी ते साठीच्या आसपास होते. मूळचे चिपळूणचे. अमेरिकेत शिकायला आले, मिडवेस्टात वीसएक वर्षं किड्यांवर काम केलं आणि मग या बेटावर आले ते इथेच राहिले. लग्न केलं नव्हतं की झालं नव्हतं, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. नैऋत्य किनाऱ्यावरच्या एका कोळ्यांच्या गावात दोन खोल्यांचं घर होतं. गावात त्यांना 'दोन नेने' म्हणत. 'दोन' म्हणजे तिकडे आदराने 'राव' म्हणतात तसं, आणि नेने म्हणजे स्पॅनिशमध्ये लहान बाळ. "बाळासाहेब," ते म्हणत, "आमच्या आळीत चार बाळासाहेब होते. इथे मी एकटाच."

मी पहिले दोन दिवस त्यांना 'डॉक्टर नेने' म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "तुझ्या वडिलांच्या वयाच्या शेजाऱ्यांना तू काय म्हणतेस?"

"अंकल."

"अरे देवा."

मग मी त्यांना नेनेकाका म्हणायला लागले.

त्यांच्या डोक्यावर कायम एक विटकी कापडी टोपी असे आणि गळ्यात जड, जुनी दुर्बीण. दुर्बिणीच्या काचा पुसायला ते धोतराचा तुकडा वापरत. चिपळूणहून बहिणीने पाठवलेलं एक धोतर त्यांनी न नेसता कापून त्याचे छत्तीस तुकडे केले होते. वह्या चकलीच्या डब्यात असत, समुद्राच्या दमट हवेने खराब होऊ नयेत म्हणून. बोटाने ते कधी काही दाखवत नसत. बोट दाखवलं की पक्षी उडतो, म्हणून घड्याळाच्या काट्यांवरून सांगत: "दोन वाजता, खालच्या फांदीवर." माणसांच्या बाबतीतही तेच. दुकानात कुजबुजत, "नऊ वाजता बघ, आपला बोटवाला राफाएल नव्या शर्टात."

काम असं होतं. किनाऱ्याजवळ खारफुटीची छोटी छोटी बेटं होती. त्यांवर हा पक्षी घरटी करे. पण अलीकडे दक्षिण अमेरिकेकडून दुसरा एक काळा पक्षी आला होता, जांभळट झाक असलेला, आखूड चोचीचा. तो कोकिळेसारखा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालून मोकळा होई आणि आमच्या पक्ष्याची पिल्लं उपाशी मरत. काका त्याला 'उपऱ्या' म्हणत आणि आमच्या पक्ष्याला 'हळदखांद्या'. ज्या बेटांवर हळदखांद्या अजून घरटी करत होता तिथे घरट्यांसाठी लाकडी खोकी टांगायची आणि उपऱ्यांना पकडायचे जाळीचे पिंजरे लावायचे. माणसं आणि खोकी कमी, बेटं जास्त. त्यामुळे कोणत्या बेटावर तो आहे आणि कोणत्यावर नाही, हे नीट ठरवणं एवढंच आमच्या हातात होतं.

आणि ते सोपं नव्हतं. हळदखांद्या फांदीवर बसला की पिवळा ठिपका वरच्या काळ्या पिसांखाली झाकला जातो. मग चांगोचं पिल्लू, उपऱ्या आणि हळदखांद्या, तिघंही लांबून काळेच. तो उडेल किंवा पंख ताणेल, तेव्हा क्षणभर हळद दिसते. त्या क्षणासाठी दोन दोन तास बसून राहायचं.

काकांच्या वहीत तीन रकाने असत: 'दिसला', 'नाही' आणि 'ठाऊक नाही'. वही मराठीत होती. पक्षी विकणारे लोक त्या भागात फिरत असत आणि वही कुणाच्या हाती लागली तरी घरट्याचा पत्ता कळू नये, असा त्यांचा हिशेब. बेटांनाही त्यांनी चिपळूणच्या माणसांची नावं दिली होती. मध्ये टक्कल आणि कडेला झाडी असलेलं बेट म्हणजे शेंडेमास्तर. दोन उंच झाडांचं ते ताम्हनकरांची माडी. आणि सगळ्यांत लांबचं, पदर पसरून बसलेल्या बाईसारखं दिसणारं, ते गोदूआत्या. दर रविवारी दोघांच्या वह्या शेजारी ठेवून ते इंग्रजीत नक्कल करत आणि सोमवारी ती ऑफिसला जाई. मूळ वह्या वाचू शकणारी आम्ही दोघंच होतो. माझं मराठी लेखन तेव्हा बेतास बात होतं. शाळेत दुसरी भाषा म्हणून शिकले तेवढंच. आज हे जे लिहिते आहे ते त्या उन्हाळ्यात शिकले.

"'नाही' लिहायला सगळ्यांत जास्त धाडस लागतं," ते म्हणत. "दिसला म्हणजे दिसला, त्यात काय? पण दोन तास डोळे न हलवता बसलेल्या माणसालाच 'नाही' लिहायचा अधिकार आहे."

एकदा अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून एक गोरे गृहस्थ आले. निवृत्त, पैसेवाले, जगभरचे पक्षी पाहून वहीत खुणा करणारे. ऑफिसने त्यांना काकांच्या गळ्यात मारलं होतं. त्यांचं परतीचं विमान त्याच दुपारी होतं. आम्ही त्यांना गुरांच्या गोठ्याकडे नेलं, कारण चाऱ्यातले दाणे खायला तिथे सगळेच काळे पक्षी येतात. पाच मिनिटांत एक पक्षी गव्हाणीच्या कडेवर उतरला. अणकुचीदार चोच, जांभळी झाक नाही. गृहस्थांनी पेन काढलं.

"खांदा पाहिलात?" काकांनी विचारलं.

"चोच पाहिली. दुसरा कोण असणार हा?"

"ते मला ठाऊक नाही, सर."

गृहस्थ हसले, मग त्यांना कळलं की हे विनोदाने नाही. पक्षी उडून गेला होता. काकांनी गव्हाणीसमोर उलटी बादली ठेवली, त्यावर त्यांना बसवलं आणि स्वतः शेणाशेजारी उकिडवे बसले. ऊन वाढत गेलं. गृहस्थांचं नाक लाल झालं, मग मान. मी पाणी दिलं तेव्हा ते मला हळूच म्हणाले, "तुमचे प्रोफेसर नेहमीच असे?" मी मान डोलावली. पावणेदोन तासांनी एक पक्षी आला, त्याने पंख झटकला आणि हळदीचं बोट उठल्यासारखा तो खांदा उघडला. गृहस्थ उभे राहिले तर बादली पडली. त्यांनी काकांना मिठी मारली. त्यांचं विमान चुकलं, आणि रात्री ते आमच्याकडे पिठलं-भात खाऊन काकांच्या पलंगावर झोपले. काका बाहेर झोपाळ्यावर.

मला वाटे, मला असं कधी जमेल? नुसतं बसून राहणं नव्हे. समोरच्या मोठ्या माणसाला 'ठाऊक नाही' म्हणणं.

जुलै लागला. गोदूआत्यावर दोन वर्षांत हळदखांद्या दिसला नव्हता. ऑफिसातून फोन आला की यंदाही तिथे काही नसेल तर तिथली खोकी काढून ताम्हनकरांच्या माडीवर न्या. बरोबरच होतं ते. काकांनाही पटलं होतं. पण फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "पहिली जोडी मी तिथेच पाहिली होती. एक शेवटची बैठक मारू."

अशा बैठकीची पद्धत ठरलेली होती. दोघांनी बेटाच्या दोन बाजूंनी बसायचं, एकमेकांशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, दोन तास आपापली वही. राफाएलने काकांना बेटाच्या पूर्वेला खारफुटीच्या मुळांवर बांधलेल्या फळीवर सोडलं. मी पश्चिमेला बोटीतच बसले. मध्ये एक वाळलेलं, पोकळ खोड होतं. ते दोन्हीकडून दिसे. त्याला ढोली होती.

पहाटे घाईत मी दोन कप कॉफी प्यायले होते. साडेसहा वाजता मला समजलं की मी दोन तास बसू शकणार नाही.

हे लिहायला आजही हात अडखळतो. राफाएल पन्नाशीचा, भला माणूस होता. त्याला तीन मुली होत्या. पण मला स्पॅनिश धड येत नव्हतं, आणि येत असतं तरी मी बोलले नसते. आईलाही अशी गोष्ट मी इंग्रजीत सांगत असे, म्हणजे ती जरा लांबची वाटते. शेवटी मी पोट दुखत असल्याची खूण केली. त्याने काही न विचारता वल्ह्याने बोट हळूच काढली, शेजारच्या वाळूच्या पट्टीवर नेली आणि समुद्राकडे तोंड करून बसला. आम्ही परत जागेवर आलो तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

वहीत चाळीस मिनिटं कोरी होती. बोट टेकत असतानाच खोडाकडून एक काळा पक्षी उडाला. पाठ माझ्याकडे होती. खांदा दिसला नाही. चोच दिसली नाही.

लिहायचं होतं ते एवढंच: 'साडेसहा ते सात दहा, जागेवर नव्हते. सात दहा, एक काळा पक्षी, ठाऊक नाही.' पण 'जागेवर नव्हते' लिहिलं की 'का' हा प्रश्न येणार, आणि रविवारी कॉफी पिताना तो मला काकांच्या तोंडून ऐकावा लागणार. मी पेन्सिल हातात धरून बसले. मग वाटलं, ढोलीतून उडाला म्हणजे तोच असणार. दुसरा कोण असणार हा? आणि काकांना किती आनंद होईल.

मी लिहिलं: '६.५०, खोडावर जोडी, खांदा दिसला. ७.१०, एक उडाला.'

माझं अक्षर त्या पानावर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं.

रविवारी मी कॉफी केली. ही कामं आम्ही वाटून घेतली होती. काकांनी डब्यातून दोन्ही वह्या काढल्या आणि शेजारी शेजारी उघडल्या. एक एक ओळ दोन्हीकडे बघून ते टाइप करत. टाइपरायटर थांबला.

"सहा पन्नासला तू जोडी पाहिलीस?"

"हो."

"त्या कोरड्या खोडावर?"

"हो."

"खांदा दिसला?"

ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही, तपासायला नाही. ऑफिसच्या त्या फोननंतर पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळायला लागलं होतं. मी म्हणाले, "दिसला."

त्यांनी आपली वही माझ्याकडे फिरवली. त्यात लिहिलं होतं: '६.४० ते ७, खोड पूर्ण उजेडात. नाही.' आणि खाली, '७.१०, चांगोचं पिल्लू उडालं, पूर्वेकडे.'

मला वाटलं आता संपलं. एका परीने सुटकाच वाटली. ते विचारतील, मी रडेन, पाण्यासारखं सगळं सांगून टाकीन. काकांनी चष्मा काढला. धोतराच्या तुकड्याने पुसला. पुन्हा घातला आणि आपलीच ओळ पुन्हा वाचली.

"मग मला दिसली नाही," ते म्हणाले.

मी त्यांच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"उजेड पूर्ण होता गं. मी खोडावरून नजर हलवली नव्हती." हे ते मला सांगत नव्हते. "जोडी म्हणजे दोन. दोन पक्षी मला दिसले नाहीत."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गोदूआत्याला गेलो. या वेळी त्यांनी मला आपल्या शेजारी फळीवर बसवलं. दोन तास ते खोडाकडे बघत होते आणि दर दहा मिनिटांनी विचारत होते, "मला काही दिसत नाही. तुला?" मी म्हणत होते, "नाही, काका. आज काही नाही." ते म्हणाले, "आज नसतील. पण हे तुझ्यावरून कळतंय, माझ्यावरून नाही."

त्या आठवड्यात ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात होती. डॉक्टर म्हणाला होता, या वयात बहुतेकांना असते, अजून काही अडायचं कारण नाही. हे वाक्यही काकांनीच सांगितलं आणि वर म्हणाले, "तो आपला धीर द्यायला म्हणाला." मी त्या मोतीबिंदूला किती घट्ट धरलं होतं. म्हणजे अगदीच खोटं नाही, म्हणजे आज ना उद्या झालंच असतं, म्हणजे कदाचित त्यांना खरंच कमी दिसत असेल. रात्री अंथरुणात ही तीन वाक्यं मी इंग्रजीत म्हणत असे.

मग त्यांनी चकलीच्या डब्यातल्या त्या वर्षीच्या सगळ्या वह्या काढल्या, टेबलावर रचल्या आणि एक लाल पेन्सिल टोकदार केली. मार्चपासूनच्या प्रत्येक पानावर जिथे जिथे 'नाही' लिहिलं होतं, तिथे ते एक बारीक रेघ मारून वर लिहायला लागले, 'ठाऊक नाही'. सबंध दिवस लागला. मी समोर बसून भाजी निवडत होते. पानं उलटल्याचा आवाज आणि पेन्सिलीचा आवाज. मध्येच ते म्हणाले, "हे शेंडेमास्तरांचं पान बघ. किती छान बसलो होतो त्या दिवशी. मला वाटत होतं, एवढं स्वच्छ 'नाही' मी आयुष्यात लिहिलं नसेल." आणि त्यावर रेघ मारली.

"काका," मी म्हणाले. "त्या दिवशी बोटीत..."

"वाईट वाटून घेऊ नकोस," ते मान वर न करता म्हणाले. "तुझी नजर चांगली म्हणून तर कळलं. नाहीतर मी अजून दहा वर्षं चुकीचं लिहीत बसलो असतो. उलट उपकारच झाले."

मी भाजी धुवायला उठले. नळ मोठा सोडला.

त्यांनी ऑफिसला पत्र लिहिलं की निरीक्षकाची दृष्टी भरवशाची राहिलेली नाही, त्यामुळे या हंगामातल्या त्यांच्या नकारात्मक नोंदी धरू नयेत. गोदूआत्यावरची खोकी तिथेच राहिली, माझ्या त्या ओळीच्या आधारावर. ताम्हनकरांच्या माडीवर, जिथे पक्षी खरोखर होते, जास्तीची खोकी गेली नाहीत. पुढच्या वर्षी गोदूआत्यावर कुणीच घरटं केलं नाही, हे मला राफाएलच्या मुलीने नाताळच्या कार्डात कळवलं. काका आता मोजायला जात नाहीत, हेही तिनेच लिहिलं होतं.

त्या ऑगस्टमध्ये काम संपलं तेव्हा मला खात्याकडून शिफारसपत्र मिळालं. ते काकांनी लिहिलेलं होतं. त्यात माझ्याबद्दल एक शब्द होता, जो मी इथे लिहिणार नाही. त्या पत्रावर मला पुढची फेलोशिप मिळाली.

याला तीन वर्षं झाली. मी अजून नॉर्थ कॅरोलायनातच आहे. जवळच्या कॅरी गावात मराठी मंडळी जमतात तेव्हा कुणीतरी विचारतं, "तू पक्ष्यांचं करतेस ना? आमच्या बॅकयार्डमध्ये एक येतो, काळा, तो कुठला गं?" सगळे माझ्याकडे बघतात. मी म्हणते, ठाऊक नाही. त्यांना वाटतं मी नम्र आहे.

गेल्या महिन्यात काकांचं पत्र आलं. डोळ्याचं ऑपरेशन झालं. 'डॉक्टर म्हणतो, आता तुमची नजर विशीतल्या मुलासारखी आहे,' त्यांनी लिहिलं होतं. 'खरंच सगळं लख्ख दिसतं. झोपाळ्यावर बसून समोरच्या तारेवरचे पक्षी बघतो. परवा एकाने पंख ताणला, हळद दिसली असं वाटलं. पण गंमत बघ, वही काढावीशी वाटली नाही. जे दिसतं ते आहेच, असं आता मनाला पटत नाही. ते काही ऑपरेशनने होत नसावं.'

ते पत्र येईपर्यंत मी मोतीबिंदूला धरून होते. आता धरायला काही उरलं नाही.

हा लेख छापायला देण्याआधी मी तो त्यांना पाठवला आहे. सोबत माझ्या वहीचं ते पान फाडून जोडलं आहे, ज्यावर माझं अक्षर चांगलं आलं होतं. सहा पन्नासच्या ओळीवर लाल पेन्सिलीने रेघ मारून वर काय व्हायला हवं होतं ते लिहिलं आहे. आणि खाली एवढंच, की त्यांच्या प्रत्येक पानावरचं 'नाही' बरोबर होतं. फोन करायला हवा होता, हे मला कळतं. चार वेळा नंबर फिरवून ठेवला.

डोळ्यांसमोर येतात ते निरोपाच्या दिवशीचे काका. तेच छोटं विमानतळ, तेच तारेचं कुंपण. त्यांनी माझी बॅग उतरवली, गळ्यातली दुर्बीण काढली आणि माझ्या गळ्यात घातली. मी नको नको म्हणाले, ते म्हणाले, "मला काय उपयोग? चांगल्या डोळ्यांकडे जाऊ दे." तिचा पट्टा त्यांच्या मानेच्या घामाने ओला होता.

कुंपणावर पाच हातांवर एक पक्षी येऊन बसला. लांब, दुमडलेली शेपटी आमच्याच बाजूला होती. पिवळा डोळा उन्हात चकाकत होता. गावातल्या कुठल्याही मुलाने गाडीतून जाता जाता त्याचं नाव सांगितलं असतं.

काका त्याच्याकडे बघत राहिले. टोपी थोडी मागे सारली, डोळे बारीक केले. मग माझ्याकडे वळून, परीक्षा घेताना विचारत तसं नाही, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "खांदा दिसला का गं?"

"चांगो आहे, काका."

"हो ना?" ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मलाही तसंच वाटलं होतं."